गेरी रॅफर्टीचं ‘बेकर स्ट्रीट’ : काही महिने सतत ऐकल्यानंतर

गाणं १९७८चं. त्यातला सॅक्सोफोन कॅफेत, रेडिओवर कुठे ना कुठे कानावर पडलेला असतोच. मन लावून मात्र मी ते यंदाच्या पावसाळ्यात ऐकायला घेतलं आणि अजून सुटलेलं नाही.

सुरुवातीला मीही सॅक्सोफोनसाठीच ऐकत होते. राफाएल रेव्हन्सक्रॉफ्टने वाजवलेली ती धून पहिल्याच फटक्यात पकडते. गाण्याला शब्दांचं ध्रुवपदच नाही. जिथे ते यायला हवं तिथे गायक गप्प होतो आणि सॅक्सोफोन सुरू होतो. रॅफर्टीच्या सुरुवातीच्या डेमोत हीच धून गिटारवर आहे. तीही छान वाटते, पण तो हुंदका तिच्यात नाही.

महिना-दोन महिन्यांनी सॅक्सोफोनची सवय झाली आणि शब्द आत शिरायला लागले. शहरात सगळं मिळेल असं वाटलेला एक थकलेला माणूस. अजून एक वर्ष काढू, मग सुख येईल, असं तो स्वतःला सांगत राहतो. पुढच्या कडव्यात त्याचा मित्र येतो. त्याला जमीन घ्यायचीय, दारू सोडायचीय, कुठल्याशा शांत गावात राहायचंय. तो जाणार नाही, हे गाणं तिथल्या तिथे सांगून टाकतं. आमच्या ऑफिसातले एक काका मी नोकरीला लागल्यापासून संगमेश्वरकडे जमीन बघताहेत. मोबाईलमध्ये सातबाऱ्यांचे फोटो आहेत, विहिरीला पाणी किती महिने असतं तेही विचारून ठेवलंय. हे कडवं आलं की मला तेच आठवतात आणि पोटात तुटतं.

रॅफर्टी स्कॉटलंडमधल्या पेझ्लीचा. त्याचा ‘स्टीलर्स व्हील’ हा बँड १९७५मध्ये फुटला आणि करारांच्या भांडणामुळे जवळपास तीन वर्षं त्याला नवी रेकॉर्ड काढता येईना. वकिलांच्या भेटींसाठी स्कॉटलंडहून लंडनला खेपा चालायच्या, मुक्काम बेकर स्ट्रीटजवळ एका मित्राच्या फ्लॅटवर. हे कळल्यावर गाण्याच्या शेवटी उजाडणारी सकाळ आणि घरी निघणं मला फार खरं वाटायला लागलं. ते नुसतं स्वप्न नाही, त्या माणसाची खरोखरची गाडी आहे. गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अल्बम पहिल्या. तरी तो तिथे दौऱ्यावर गेला नाही. पुढे दारूने त्याला सोडलं नाही, २०११मध्ये तो गेला. मित्राचं कडवं त्यानंतर जड जातं.

खटकणारं एवढंच, की सुरुवात लांबते. आणि फोनच्या स्पीकरवर हे गाणं ऐकूच नका. खालचा बेस आणि काँगा (हाताने वाजवायचे ढोल) गायब होतात, उरतो नुसता कर्कश सॅक्सोफोन. साधे वायरचे इअरफोनही चालतील. त्यावर रॅफर्टीचा आवाज कळतो: कडव्यात तो अजिबात जोर लावत नाही, शेजारी बसून बोलल्यासारखा गातो.

सिंगलची आवृत्ती चारेक मिनिटांची, ‘सिटी टू सिटी’ अल्बमवरची सहा मिनिटांची. मोठीच घ्या. ह्यू बर्न्सचा गिटार सोलो तिथे पुरेसा ऐकायला मिळतो. ती झाली की त्याच अल्बमचं शीर्षकगीत लावा, रात्रीच्या गाडीने घरी जाण्याचं.