घरच्या लॅपटॉपचे १७ महिने आणि त्याची डावी बिजागरी

अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी आईने लॅपटॉप उघडला आणि डाव्या कोपऱ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. स्क्रीन चालू होती, चित्रही नीट दिसत होतं. पण मी झाकण मिटायला गेले तर स्क्रीनखालची चौकट उकलली आणि आतली काळी तार दिसायला लागली. की-बोर्डाच्या वरची कडही डावीकडे दोन-तीन मिलीमीटर उचलली गेली होती. आई घाबरली. “मी काहीच केलं नाही गं, रोजच्यासारखाच उघडला,” म्हणाली. तिने खरंच काही केलं नव्हतं. हे सर्व्हिस सेंटरला पटवून लॅपटॉप परत घरी आणायला मला २६ दिवस लागले.

मॉडेलचं नाव देत नाही. १५.६ इंची स्क्रीन, आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, प्लास्टिकची बॉडी, बाजूला नंबर पॅड. घरात सगळ्यांना मिळून एक म्हणून घेतला जातो तो हा लॅपटॉप, आणि या साच्यातले बरेचसे आतून असेच जोडलेले असतात. प्रोसेसर आणि स्टोरेजबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं. बिजागरीबद्दल घेण्याआधी मला कुणी एक ओळ सांगितली नाही, म्हणून मी आधी तिच्याबद्दलच लिहिणार आहे.

लॅपटॉपची बिजागरी दारासारखी मोकळी फिरत नाही. स्क्रीन हव्या त्या कोनात थांबावी म्हणून तिच्यात मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं. त्यामुळे उघडता-मिटताना लागणारा सगळा जोर बिजागरीच्या पट्ट्या धरून ठेवणाऱ्या स्क्रूंवर येतो. माझ्या लॅपटॉपात हे स्क्रू धातूच्या चौकटीत नाहीत. प्लास्टिकच्या बारक्या खुंट्या, त्यांत तापवून बसवलेले पितळी नट आणि त्या नटांत स्क्रू, अशी रचना आहे. बिजागरी घट्ट, तिला धरणारं प्लास्टिक पातळ. दिवसातून सात-आठ वेळा उघडमीट झाली की ती खुंटी हळूहळू चिरत जाते आणि एक दिवस नट मुळासकट उपटून येतो. एक नट सुटला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, मग तेही सुटतात. माझ्याकडे डावीकडच्या तीनपैकी दोन नट प्लास्टिकच्या तुकड्यांसकट स्क्रूला चिकटून बाहेर आले होते.

डावीच का, यावर मी बराच विचार केला. आमच्या घरात सगळेच डाव्या हाताने डावा कोपरा धरून झाकण उचलायचे, कारण उजवा हात माउसवर. एका कोपऱ्याला धरून उचललं की जास्त भार त्याच बाजूच्या बिजागरीवर येतो आणि स्क्रीनला पीळही बसतो. स्क्रीन जेवढी मोठी तेवढी ही तरफ लांब. हे मला मान्य आहे. पण लॅपटॉप उघडणं हा काही गैरवापर नव्हे. घरात सहा जण वापरणार म्हणून जी वस्तू विकली जाते, ती सहा जणांच्या सहा तऱ्हांनी उघडली जाणारच. आमचा मागचा लॅपटॉप नऊ वर्षं चालला. जड होता, जाड होता, शेवटी त्याची बिजागरी सैल पडून स्क्रीन मागे कलायची, पण ती तुटली कधीच नाही. तिचे स्क्रू धातूच्या चौकटीत होते. मी वस्तू पुरवून वापरणारी आहे. अकरा महिन्यांत उकललेला लॅपटॉप पाहून मला जे वाईट वाटलं त्यात पैशांचा भाग होताच, पण हा इतक्या लवकर मोडणार हे तो बनवतानाच ठरून गेलं होतं, याचा राग जास्त होता.

आता सर्व्हिस सेंटर. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि जॉबशीटवर लिहिलं: ओरखडे नाहीत, पोचा नाही, स्क्रीन फुटलेली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, “मॅडम, हे फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही.” खर्चाचा जो अंदाज दिला तो नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास जात होता. दोन नट उपटलेत, त्यासाठी एवढा खर्च? तर सुटा भाग मिळत नाही. की-बोर्डासकट अख्खी वरची बॉडी, स्क्रीनचं मागचं झाकण आणि दोन्ही बिजागऱ्या असा संचच बदलतात. ज्या चार-पाच ग्रॅम प्लास्टिकमध्ये काटकसर केली, त्याची भरपाई अशी माझ्याकडून मागितली जात होती.

मी फोनवर वाद घालणं बंद केलं आणि सगळं लेखी सुरू केलं. पहिल्या पत्रात तीनच गोष्टी लिहिल्या. तुमच्याच जॉबशीटवर पोचा नाही असं लिहिलंय, त्याचा फोटो जोडला. उपटलेल्या नटांचे जवळून काढलेले फोटो जोडले. आणि विचारलं: लॅपटॉप पडला किंवा आपटला असेल तर त्याची खूण नेमकी कुठे आहे, ती फोटोवर गोल करून दाखवा. उत्तर आलं, ‘तपासणीनुसार बाह्य दाबामुळे नुकसान.’ मी पुन्हा तेच विचारलं: खूण कुठे आहे? पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी कंपनीच्या वरच्या तक्रार विभागाकडे सगळा पत्रव्यवहार एकत्र करून पाठवला आणि पुन्हा तोच एक प्रश्न लिहिला.

इथपर्यंतचा बहुतेक मजकूर मी लॅपटॉप तिकडे अडकलेला असताना मोबाईलवर लिहून ठेवला होता. तेव्हा शेवटी ‘घेऊ नका’ असंही एक वाक्य होतं, आणि त्याच्याआधी लॅपटॉप संथ आहे, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की धापा टाकतो, व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं काही करता येत नाही, असा एक परिच्छेद होता. ती दोन्ही आता काढली आहेत. त्याचं कारण सांगते.

एकोणिसाव्या दिवशी वॉरंटीत दुरुस्ती मंजूर झाली. सव्विसाव्या दिवशी मी लॅपटॉप आणायला गेले तेव्हा ज्याने तो उघडून जोडला होता तो तंत्रज्ञ स्वतः बाहेर आला. त्याने जुनी बॉडी दाखवली. नट कुठून उपटले, चीर कुठून सुरू झाली ते बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाला, “ताई, हे पडून झालेलं नाही हे मला उघडल्याबरोबर दिसलं होतं. पण शेरा मारणारा मी नसतो.” मी त्याला विचारलं की नवीन बॉडीत काही फरक आहे का. नाही, तेच प्लास्टिक आणि तेच नट. मग मी विचारलं की बिजागरी थोडी सैल करता येईल का. बिजागरीच्या आसाच्या टोकाला नट होता, तो त्याने माझ्यासमोर दोन्ही बाजूंना सारखा, पाव फेऱ्याहून थोडा कमी, सैल केला. आता झाकण एका बोटाने उचललं तर खालची बाजू टेबलावरून उठत नाही. पूर्वी उठायची. स्क्रीन टायपिंग करताना किंचित हलते, पण आपणहून मागे पडत नाही.

आणि जाता जाता तो म्हणाला, “एक रॅमचा स्लॉट रिकामा आहे बरं का यात.”

अकरा महिने मला हे माहीत नव्हतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या (म्हणजे रॅमच्या) पानावर ‘२ पैकी १ स्लॉट वापरात’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, मी कधी पाहिलंच नव्हतं. मी ८ जीबीची त्याच वेगाची दुसरी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आणली. खालचं झाकण काढून ती बसवायला वीस मिनिटं लागली. त्यातली बरीचशी झाकणाच्या खटक्या न मोडता काढण्यात गेली. चालू केलं आणि हा दुसराच लॅपटॉप वाटला! मेमरी दुप्पट झाली हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: एकच स्टिक असेल तर प्रोसेसर मेमरीशी एकाच वाटेने बोलतो, दोन असतील तर दोन वाटांनी. डीडीआर-फोर ३२०० या प्रकारच्या मेमरीला एका वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाते, दोन वाटांनी ५१.२ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपात ग्राफिक्सलाही हीच मेमरी वापरावी लागते, त्यामुळे फरक तिथे सगळ्यात जास्त जाणवतो. माझ्या लॅपटॉपात तर ग्राफिक्सचं नावच बदललं. आधी सेटिंगमध्ये साधं ‘यूएचडी’ दिसायचं, स्टिक टाकल्यावर ‘आयरिस एक्सई’ दिसायला लागलं. इंटेल हे नाव दोन वाटांची मेमरी असेल तरच देतं. म्हणजे खोक्यावरच्या जाहिरातीत जी चिप होती ती मी अर्धीच वापरत होते. मुलाचं व्हिडिओ एडिटिंग आता प्रिव्ह्यूमध्ये अडखळत नाही. संथपणाचा तो परिच्छेद म्हणूनच काढला. तुमच्याकडे ८ जीबीचा असा लॅपटॉप असेल तर नवीन घ्यायचा विचार करण्याआधी तो स्लॉट बघा, एवढं माझं ऐका.

दुरुस्तीतून आलेल्या लॅपटॉपने घरी आल्यावर मला आणखी एकदा घाम फोडला. चालू केल्यावर निळी स्क्रीन आली आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागली. सर्व्हिस सेंटरने बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं होतं. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि असा काही बदल झाला की ती की विचारते. की त्याच खात्यात जपून ठेवलेली असते. मोबाईलवरून लॉगिन केल्यावर सापडली. पण ते खातं उघडता आलं नसतं तर सगळे फोटो गेले असते. लॅपटॉप कुणाच्याही हातात देण्याआधी ती की कागदावर लिहून घ्या आणि फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवा.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. स्क्रीन घरात दिवसा पुरेशी उजळ आहे, बाल्कनीत नाही. २५० निट्सची आहे (निट्स हे उजळपणाचं माप). रंग मात्र फिके. स्क्रीन किती रंग दाखवू शकते याचं माप म्हणून ४५ टक्के एनटीएससी असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ते हेच. लाल रंग विटकरी दिसतो. सिनेमा बघायला चालतं, पण फोटोंचे रंग यावर बघून ठरवू नका. ज्यांना ते काम आहे त्यांनी १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) असं लिहिलेलीच स्क्रीन घ्यावी.

स्पीकर खालच्या बाजूला आहेत. टेबलावर आवाज टेबलाला आपटून बरा येतो, पांघरुणावर ठेवला की संवाद कोंडल्यासारखे ऐकू येतात. आणि हवा आत घेण्याच्या फटीही खालीच असल्यामुळे पंखाही ओरडायला लागतो. आईसाठी मी एक जुना लाकडी ट्रे ठेवला आहे, दोन्ही प्रश्न त्याने सुटले. आवाजाच्या सेटिंगमधलं ‘एन्हान्समेंट’ बंद केल्यावर संवाद आणखी स्पष्ट झाले, हे आईनेच आधी सांगितलं.

एचडीएमआय १.४ आहे. फोर-के टीव्हीला जोडला तर सेकंदाला ३० फ्रेमच मिळतात, माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. टीव्हीवर रिझोल्यूशन १०८० ठेवलं की ६० मिळतात आणि सोफ्यावरून फरक कळत नाही. नंबर पॅडमुळे टचपॅड डावीकडे सरकलाय, त्याची सवय झाली. कॅमेरा ७२०पी, संध्याकाळच्या उजेडात चेहरा दाणेदार दिसतो. यावर इलाज नाही.

बॅटरीने मात्र समाधान दिलं. तिसऱ्या महिन्यापासून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग चालू ठेवलं आहे, कारण आमचा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरलाच असतो आणि लिथियम बॅटरीला सतत पूर्ण भरलेलं राहणं मानवत नाही. ‘पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा देऊन मागच्या आठवड्यात पाहिलं. मूळ क्षमता ४१,०४० मिलिवॉट-तास, आताची ३७,३५०. सतरा महिन्यांनंतर ९१ टक्के. मागच्या लॅपटॉपला मी हे केलं नव्हतं आणि त्याची बॅटरी दीड वर्षात बसली होती.

तर ‘घेऊ नका’ हे वाक्य काढलंय, पण ‘घ्या’ असंही मी लिहीत नाही. दुकानात गेलात तर आधी एक करा: लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवा आणि पुढच्या कडेच्या मधोमध एक बोट लावून फक्त झाकण उचला. खालची बाजू वर आली, तर बिजागरी तिच्या प्लास्टिकला पेलण्याहून घट्ट असू शकते. मग कोपरे दाबून बघा, कुरकुरतात का. वॉरंटीत बिजागरी बसते का, हे लेखी विचारा.

आमच्या घरात आता झाकण मधोमध धरूनच उघडायचं असा नियम आहे. आई दोन्ही हातांनी उघडते, फार जपून. ती अजून स्वतःला दोष देते आणि ते मला त्या २६ दिवसांपेक्षा जास्त लागतं. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पोस्टकार्डाची एक पट्टी घेऊन डाव्या कोपऱ्यातल्या फटीत सरकवून बघते. पाच महिने ती आत गेली नव्हती. या वेळी एक कोपरा शिरला, उजवीकडे नाही शिरला. मी फोटो काढून तारीख घालून ठेवला आहे आणि पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारली आहे. पुढच्या महिन्यात ती रेघ आत गेली तर इथेच कळवते.