उरची मुद्रा, १९६४ चं पत्र आणि लंडनचा फोन नंबर

इंग्लंडात राहणाऱ्या आणि जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय, कारण हा गळ आपल्यासारख्यांसाठीच टाकलेला आहे.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे लाजवर्द या निळ्या दगडाची दंडगोल मुद्रा होती, म्हणजे ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायचा कोरीव शिक्का. तिच्यावर वशिंडाचा बैल, शेजारी तीन ओळी कीलाक्षरं (प्राचीन इराकची खिळ्याच्या आकाराची लिपी), आणि खाली लिहिलेलं: 'उर, इराक. मेलुहाशी व्यापाराची खूण.' मेलुहा म्हणजे तिकडच्या जुन्या लेखांतलं सिंधू प्रदेशाचं नाव. किंमत ६४० पौंड. चौकशी करणाऱ्याचं नाव भारतीय दिसलं की गडी जास्तच खुलतो. मला त्याने सिंधू संस्कृतीवर लांबलचक निरोप पाठवले.

आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर मेख. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलींनी १९२२ ते १९३४ उर या प्राचीन शहरात उत्खनन केलं, तिथे सिंधू धाटणीच्या मुद्रा मिळाल्या, राजघराण्याच्या थडग्यांत कार्नेलियन या तांबूस दगडाचे मणी निघाले, हे सगळं खरं. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून तिकडे जायचा, हेही खरं. मेलुहाच्या भाषेचा दुभाषा म्हणवणाऱ्या शू-इलिशूची मुद्रा पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. फक्त यातल्या कशाचाही त्याच्या दगडाशी संबंध नव्हता. इतिहास अस्सल, माल नकली.

या धंद्यात विकला जातो तो कागद. प्राचीन वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारामुळे त्याआधीपासून संग्रहात असलेल्या वस्तूला भाव येतो, म्हणून सगळ्यांचे आजोबा नेमके साठच्या दशकात बगदादला नोकरीला असतात. मला मिळालेलं पत्र १९६४ चं होतं. पिवळट कागद, टाइपरायटरची अक्षरं, लंडनच्या कुणा संग्राहकाची सही. वर पत्ता आणि फोन नंबर, ०२० ७ पासून सुरू होणारा. लंडनला ०२० हा कोड २००० साली मिळाला. त्याआधी ०१७१ होता, त्याच्याआधी ०७१, आणि १९९० पर्यंत नुसता ०१.

मग दगड बघितला. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनमध्ये कापूस बुडवून तळाशी घासला, तर कापूस निळा. लेस्टरच्या ओळखीच्या सोनारकाकांनी भिंगाखाली धरला आणि लगेच म्हणाले, "बेन, आ तो रंगेलो पत्थर छे." भेगांमध्ये निळा रंग साचला होता. सोनेरी ठिपके वरून लावलेले, नखाने निघत होते. आरपार भोक एकसारखं, सरळ, जणू ड्रिल मशीनने पाडलेलं. जुन्या कारागिरांनी बहुधा दोन्ही बाजूंनी पोखरत आणलेलं असतं, त्यामुळे मध्ये सांधा जाणवतो.

खरी गंमत अक्षरांची. घरी कणकेवर मुद्रा फिरवली. कीलाक्षरातल्या आडव्या खिळ्याचं डोकं डावीकडे असतं. माझ्या कणकेवर सगळी डोकी उजवीकडे! ठसा सुलटा यावा म्हणून मुद्रा कोरणारा अक्षरं उलटी कोरतो. आमच्या कारागिराने कुठल्या तरी फोटोवरून जशीच्या तशी उतरवली होती. ब्रिटिश म्युझियमच्या ५६ नंबरच्या दालनात खऱ्या मुद्रा आणि शेजारी त्यांचे ठसे मांडलेले आहेत. तिथे अर्धा तास उभं राहिलं तरी डोळा तयार होतो.

पैसे परत मिळण्याची हमी होती, पण तिची अट वाचा: 'मान्यताप्राप्त संग्रहालयाच्या तज्ज्ञाचं लेखी मत आणावं.' मोठी संग्रहालयं बाजारातल्या मालाला असे दाखले देत बसत नाहीत, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. सोनारकाकांचं मत त्याने 'पुरातत्त्वाचं नव्हे' म्हणून उडवून लावलं. शिवाय बँकेतून थेट पैसे पाठवल्यास पाच टक्के सूट, ही त्याची दुसरी खेळी. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांवरच्या खरेदीला इथे कायद्याचं संरक्षण आहे, कार्ड कंपनीवर दावा लावता येतो. ती वाट सवलतीच्या नावाखाली बंद होते. मी पैसे बँकेतूनच पाठवले होते, आणि माझ्या बँकेने 'हा खरेदीतला वाद आहे' म्हणून हात वर केले.

नातेवाईक म्हणाले, निदान खरी असती तर बरं झालं असतं. कसलं बरं? इराकच्या १९३६ च्या कायद्यापासून तिथल्या प्राचीन वस्तू सरकारी मालकीच्या आहेत. एप्रिल २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं तेव्हा तळघरातून हजारो दंडगोल मुद्रा गेल्या. खिशात मावणारी वस्तू, लपवायला सोपी. ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर आलेली अशी वस्तू जवळ बाळगणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, आणि मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी बाळगणाऱ्याची. म्हणजे नकली निघाली तर पैसे बुडतात, अस्सल निघाली तर पोलीस दारात.

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली आहे, तिचा क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. विक्रेत्याला फोन कोडबद्दल मी सविस्तर लिहिलं होतं. त्याचं दुकान चालूच आहे. आता त्याच्याकडे काळ्या हेमॅटाइटची मुद्रा आलीय, सोबत तेच १९६४ चं पत्र, तीच सही. फोन नंबरवर मात्र चहाचा भलामोठा डाग पडलाय.