सेसना १७२: इंजिन सुरू करणं आणि थ्रॉटल हाताळणं, खऱ्या विमानात आणि घरच्या सिम्युलेटरवर

सेसना १७२ एस हे शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान सुरू करताना डावा हात किल्लीवर असतो आणि उजवा मिक्स्चरच्या, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या, लाल मुठीवर. इंजिनानं पकड घेतली की डाव्या हातानं किल्ली सोडायची आणि त्याच वेळी उजव्यानं मिक्स्चर हलकेच पूर्ण आत न्यायचं. उशीर झाला तर इंजिन इंधनावाचून लगेच विझतं. घरी माऊसनं हे करून पाहा. माऊसला एका वेळी एकच गोष्ट धरता येते. फ्लाइंग स्कूलला जाण्याआधी घरी हात बसवावा का, आणि बसवायचा तर कशावर, असं विचारणाऱ्यांना मी आधी ही जागा दाखवतो, कारण बाकीचा बराचसा फरक इथूनच निघतो.

त्याआधी तुमच्या स्कूलच्या विमानात कोणतं इंजिन आहे ते विचारून घ्या. १७२ एसमध्ये लायकमिंगचं १८० अश्वशक्तीचं, फ्युएल इंजेक्शनचं आयओ-३६० असतं. जुन्या १७२ एनमध्ये किंवा त्याहून छोट्या सेसना १५२ मध्ये कार्ब्युरेटर असतो. दोन्हींचा सुरू करण्याचा क्रम वेगळा आणि चुकाही वेगळ्या. बारामती असो, शिरपूर असो की गोंदिया, प्रवेश नक्की झाला की त्या विमानाचं हँडबुक मिळवा आणि सिममध्ये तेच मॉडेल घ्या. घरी १७२ एसची सवय लावून प्रत्यक्षात १५२ वर बसलेल्या मुलाला पॉवर कमी करण्याआधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ) ओढायचं सुचतच नाही. त्याच्या घरच्या विमानात ती मूठ कधी नव्हतीच. पावसाळी दमट हवेत, बाहेर २० अंश असतानासुद्धा कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ धरू शकतो, त्यामुळे ही विसरण्यासारखी गोष्ट नाही.

क्रम पाठ करण्यात घरचा सिम्युलेटर निर्विवाद पुढे आहे. १७२ एसचं थंड इंजिन असेल तर थ्रॉटल (पॉवरची मूठ) पाव इंच आत, मिक्स्चर पूर्ण बाहेर, मास्टर स्विच चालू, इंधनाचा जादा पंप चालू. मग फ्युएल फ्लो स्थिर दिसेपर्यंत, म्हणजे साधारण ३ ते ५ सेकंद, मिक्स्चर आत, परत बाहेर, पंप बंद आणि मग किल्ली. हे एका संध्याकाळी वीस वेळा करता येतं आणि खर्च शून्य. प्रत्यक्षात इंजिन सुरू झाल्यानंतर पुढचं काय ते आठवत बसलात तर तासाचं मीटर चालू असतं आणि पैसे जातात वडिलांचे. फक्त घरी कंट्रोल आणि ई दाबून इंजिन आपोआप सुरू करायची सवय अजिबात लावू नका. तिच्यानं काहीच शिकून होत नाही.

पण हा सगळा क्रम थंड इंजिनाचा. खरी परीक्षा गरम इंजिनाची असते, आणि तिथं घरचा सराव तोकडा पडतो. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ कडे जातो. सॉर्टी (एक उड्डाण) संपवून विमान अर्धा तास उन्हात उभं राहिलं की सिलिंडरच्या वरून गेलेल्या बारीक नळ्यांमधलं इंधन उकळून त्याची वाफ होते. आता प्राइम करावं, म्हणजे पंपानं आधी इंधन भरावं, की नको? हँडबुक सांगतं की इंजिन गरम असेल तर प्राइम करू नका. तसं केलं की कधी ते पहिल्याच फेरीत सुरू होतं, कधी खोकून बंद पडतं. मग आपण पंप लावतो, जरा जास्तच लावतो, आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे त्यात जादा इंधन साचतं. ज्यांनी जुन्या बजाज चेतकवर चोक ओढून किका मारल्या आहेत आणि प्लग ओला झाल्यावर थांबायला शिकले आहेत, त्यांना हे लवकर कळतं. फ्लड झालेल्या १७२ ला मिक्स्चर पूर्ण बाहेर ठेवून, थ्रॉटल अर्धा ते पूर्ण उघडून स्टार्टर मारायचा, आणि इंजिन धरल्याबरोबर मिक्स्चर आत, थ्रॉटल तात्काळ मागे. दोन्ही हात उलट दिशांना जातात. पहिल्यांदा सगळ्यांचा गोंधळ होतो.

सिमसोबत आयती मिळणारी विमानं याबाबतीत फार मवाळ असतात. कसंही केलं तरी बहुधा सुरू होतात. ए टू ए कंपनीच्या कोमँचीसारखी विकत घ्यायची विमानं प्राइमिंगचा, तापमानाचा आणि झिजेचा हिशेब ठेवतात आणि चूक केली की खरंच अडून बसतात. अशा विमानावर घालवलेला वेळ सत्कारणी लागतो, मात्र कोमँचीचं इंजिन कार्ब्युरेटरचं आहे हे ध्यानात असू द्या.

स्टार्टरलाही मर्यादा असते. १७२ एसचं हँडबुक १० सेकंद फिरवून २० सेकंद विश्रांती द्यायला सांगतं. असं तीनदा झालं की पुढचा प्रयत्न थेट १० मिनिटांनी. घरी हे घड्याळ कुणी पाळत नाही, कारण तिथं काही जळत नाही. तसंच थ्रॉटल जास्त उघडा राहिला की थंड इंजिन सुरू होताच १,८०० आरपीएमवर उसळतं, तेल अजून सगळीकडे पोचलेलं नसताना. आतून झीज होते आणि इन्स्ट्रक्टर लगेच हात घालून थ्रॉटल मागे खेचतात. कार्ब्युरेटरच्या विमानात आणखी एक धोका आहे. सुरू होत नाही म्हणून थ्रॉटल आतबाहेर पंप करत राहिलात तर कच्चं इंधन खाली एअरबॉक्समध्ये (हवा आत घेणाऱ्या पेटीत) साचतं आणि एका बॅकफायरनं पेट घेऊ शकतं. त्या वेळी स्टार्टर फिरवत राहायचं, म्हणजे ज्वाळा इंजिनात ओढल्या जातात. मनाला हे उलटं वाटतं, म्हणून ते आधीच तोंडपाठ हवं.

आता थ्रॉटल. सेसनाचा थ्रॉटल म्हणजे पॅनेलमधून बाहेर आलेला दांडा आणि त्यावर काळी मूठ; आत ढकललं की पॉवर वाढते. जॉइस्टिकच्या बुडाशी असलेली छोटी पट्टी आणि हा दांडा यांची बरोबरीच होत नाही. पट्टीचा प्रवास जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, बोट जरा हललं की दोनशे आरपीएम इकडचे तिकडे. खऱ्या विमानात अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, पन्नास-शंभर आरपीएमचा फरक करायचा असेल तर मूठ धरत नाहीत. तर्जनी पॅनेलला टेकवायची, अंगठ्यानं दांडा चिमटीत धरायचा आणि चिमूटभर सरकवायचा. ही चिमूट शिकायला दांडाच हवा.

त्यात हाताचा प्रश्न. लढाऊ विमानाच्या धर्तीचे जॉइस्टिक संच थ्रॉटल डाव्या हाताला देतात. सेसनाच्या डाव्या सीटवर योक (विमानाचं स्टिअरिंग) डाव्या हातात असतो आणि थ्रॉटल उजव्या. दोन वर्षं उलट्या हातांनी उडवलेल्या मुलाला पहिल्या दहा सॉर्टीत हे मोडावं लागतं, आणि मोडणं शिकण्यापेक्षा अवघड.

दांड्याभोवती घर्षणाची चकती असते. ती सैल राहिली तर टेक-ऑफला कंपनानं थ्रॉटल स्वतःहून मागे सरकू शकतो. म्हणून सुरक्षित उंची येईपर्यंत तळहात मुठीमागे राहतो. घरचा थ्रॉटल कधीच सरकत नाही, त्यामुळे सिमवाले पॉवर लावून हात काढून घेतात. ही सवय मी स्वतः घेऊन गेलो होतो आणि ती जायला बरेच दिवस लागले.

जमिनीवर थ्रॉटल पूर्ण आत केला तरी १७२ एस कमाल २,७०० आरपीएम दाखवत नाही. उभ्या विमानात २,३०० ते २,४०० च येतात, कारण पंखा स्थिर पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा, आहे आणि आरपीएम वेगाबरोबर चढतात. हे चांगले सिम बरोबर दाखवतात. रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) १,८०० वर मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणारे) तपासताना पडणारा फरकही दाखवतात. मिळत नाही ते अंगाला जाणवणारं उत्तर. पॉवर लावताच नाक डावीकडे जातं, उजवा पाय आपसूक पुढे जावा लागतो. गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) थ्रॉटल पूर्ण आत केला की उतरण्याच्या वेगाला ट्रिम केलेलं, म्हणजे हात न लावता तो वेग धरेल असं बसवलेलं, विमान नाक जोरात वर उचलतं आणि डाव्या हाताला ते दाबून धरावं लागतं, बराच जोर लावून. स्प्रिंगच्या योकवर हा जोर येतच नाही, आणि गो-अराउंडला वेग गमावण्याचा धोका नेमका तिथंच आहे.

मग खरेदीचं काय? पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर थ्रॉटल नको, रडर पेडल (पायानं नाक डावी-उजवीकडे वळवणारे) घ्या. पाय न हलवता शिकलेला थ्रॉटल अर्धाच. त्यानंतर दांड्याचा, पुश-पुल प्रकारचा थ्रॉटल-मिक्स्चर संच. थोडा शोधावा लागतो, पण १५२ किंवा १७२ वर जाणार असाल तर लीव्हरच्या क्वाड्रंटपेक्षा (उभ्या लीव्हरच्या संचापेक्षा) तोच. लीव्हरचा क्वाड्रंट पायपरसारख्या विमानांसाठी किंवा छंद म्हणून सगळं उडवणाऱ्यांसाठी ठीक आहे. त्यातही मिक्स्चरसाठी स्वतंत्र लीव्हर हवाच, म्हणजे किल्ली माऊसवर ठेवूनही सुरुवातीचं ते दोन हातांचं काम करता येतं. मात्र घरच्या सिमचा एकही मिनिट व्यावसायिक परवान्याच्या २०० तासांत धरला जात नाही. म्हणून एखादा भारी संच आणि विमानातले दोन-तीन जादा तास यांत निवड करायची वेळ आली तर मी तास घेईन.

स्कूल सुरू व्हायला दोन महिने असतील तर रोज पंधरा मिनिटं चेकलिस्ट हातात धरून थंड सुरुवात करा, तोंडानं मोठ्यानं बोलत. आठवड्यातून एकदा गरम आणि फ्लड झालेल्या इंजिनाचा क्रम. आणि सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) उडवताना आरपीएमच्या काट्यावर कागदाचा तुकडा चिकटवा, हेडफोन लावा, पॉवर नुसत्या आवाजावरून लावा आणि मग कागद उचलून पाहा.