डॅव्हनपोर्ट की डुब्यूक? मिसिसिपीकाठी बिऱ्हाड थाटण्याआधी

पुण्याहून बदली होऊन अमेरिकेतल्या आयोवा राज्यात येणारं कुणी ना कुणी दरवर्षी मला हाच प्रश्न विचारतं. सणसवाडीत किंवा मगरपट्ट्यात जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीत काम केलेल्यांना ही गावं ऐकून माहीत असतात. जॉन डिअरचं मुख्यालय डॅव्हनपोर्टच्या समोरच्या काठावर, मोलीनला आहे. बांधकामाची यंत्रं बनवणारा त्यांचा मोठा कारखाना आहे डुब्यूकला. मी वेगळ्याच धंद्यातला, पण दोन्ही गावांत राहिलोय. २०१६ ते २०२० डॅव्हनपोर्टला होतो आणि तेव्हापासून डुब्यूकला आहे. मूळ सांगलीचा, त्यामुळे नदीकाठच्या गावाबद्दल माझी मतं जरा जास्तच ठाम असतात, हे आधीच सांगून ठेवतो.

थंडी, घरभाडं, शाळा यांत मला फारसा फरक दिसला नाही, म्हणून त्यात शिरत नाही. एकच राज्य, एकच नदी, मध्ये सत्तर मैलांचा सरळ रस्ता. डॅव्हनपोर्टची वस्ती लाखभर, आणि आजूबाजूची गावं धरून तो पसारा चांगला मोठा होतो. डुब्यूक साठ हजारांच्या आतबाहेर. खरा फरक नदीशी वागण्यात आहे.

१९६५च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी दोन्ही गावांत शिरली. डुब्यूकला पाणी साडेसव्वीस फुटांच्या वर गेलं. त्या गावाने धडा घेतला आणि १९७३पर्यंत मातीचा बांध आणि काँक्रीटची भिंत पुरी केली. डॅव्हनपोर्टला भिंत नाही. विषय पुन्हा पुन्हा निघाला, पण एक तर खर्च आणि दुसरं म्हणजे नदी डोळ्यांआड होईल ही हळहळ, त्यामुळे दर वेळी बारगळला. काठावर बागा आणि मोकळ्या जागा ठेवायच्या, पूर आला की त्या बुडू द्यायच्या, असा तिथला हिशेब. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी हा हिशेब फार आवडतो. काठावरच्या बेसबॉल मैदानाचे दिवे लागतात, मागे सेंटेनियल पुलाच्या कमानी उजळतात आणि तुम्ही पाण्यापासून दहा पावलांवर बसलेले असता.

मग येतो एप्रिल. २०१९ साली काठच्या रस्त्यावर वाळू भरलेल्या जाळीच्या पेट्यांची तात्पुरती भिंत रचली होती. ३० एप्रिलला दुपारी ती फुटली आणि बघता बघता पाणी बाजारपेठेत शिरलं. २ मेला नदी २२.७ फुटांवर गेली. आजवरची सर्वात जास्त. तिथे १५ फुटांना पूर म्हणतात. आमचं घर चढावर असल्याने आम्ही कोरडे राहिलो, पण जिथे केस कापायला जायचो त्या दुकानात कमरेइतकं पाणी होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली आणि आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला बुडाला. चार महिन्यांत दोन खंडांतले दोन पूर फुटांत मोजले. वडील फोनवर विचारायचे, ‘तुमची किती?’ मी आकडा सांगितला की म्हणायचे, ‘एवढीच?’

तरी पुरामुळे मी डॅव्हनपोर्ट सोडलं नाही. सांगलीचा माणूस पुराला घाबरून गाव सोडत नाही. सोडलं ते पुलामुळे.

आम्ही ईस्ट डॅव्हनपोर्टच्या जुन्या वस्तीत राहायचो आणि माझं काम नदीपलीकडे, रॉक आयलंडला. घरापासून सर्वात जवळचा पूल म्हणजे लष्कराच्या बेटावरून जाणारा गव्हर्न्मेंट ब्रिज. १८९६चा, लोखंडी, वरच्या मजल्यावर रेल्वे आणि खाली मोटारी. दिसायला फार देखणा. पण त्याचा एक गाळा फिरता आहे. खाली पंधरा नंबरचं लॉक आहे, म्हणजे धरणाशेजारी बोटींना वर-खाली करणारा पाण्याचा हौद. बोट आली की घंटा वाजते, फाटक पडतं आणि रस्त्याचा तेवढा तुकडा सावकाश फिरून नदीच्या दिशेने आडवा होतो.

बोट म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते ती नव्हे. मक्याने नाहीतर सोयाबीनने भरलेले पंधरा बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू तराफे, तीन रांगांत पाच-पाच, तारांनी एकत्र बांधलेले, आणि मागून ढकलणारी टोबोट. एकूण लांबी बाराशे फुटांच्या आसपास. लॉकची लांबी सहाशे फूट. म्हणून काफिला मध्ये सोडवायचा, अर्धा आधी काढायचा, अर्धा नंतर, आणि पलीकडे पुन्हा बांधायचा. साधारण मार्चपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हे चालू असतं. बोटींना वेळापत्रक नसतं आणि पाण्यावरच्या वाहतुकीला रस्त्याआधी मान.

माझ्यासाठी हे मोजण्याचं एकच एकक होतं: पुण्याबरोबरचा सकाळी साडेसातचा कॉल. तिकडे संध्याकाळ, सगळे घरी जायच्या घाईत, आणि मी फाटकासमोर इंजिन बंद करून फोनवर. समोरून लोखंडाची अख्खी आळी सरकत असायची, इतकी हळू की बार्जच्या कडेने चालणारा केशरी जाकीटवाला माणूस तिच्यापुढे निघून जायचा. एकदा त्याने चालता चालता अख्खं केळं सोलून खाल्लं, तरी तोच बार्ज माझ्या समोर होता. कधी दहा मिनिटं जायची, कधी पंचवीस. ऑफिसात ‘बोट होती’ हे कारण सगळ्यांना चालतं, कारण सगळ्यांनाच कधी ना कधी बोट आडवी आलेली असते. पुण्यात मात्र तिसऱ्या वेळेनंतर लोक हसायला लागतात. २०१८च्या उन्हाळ्यात आई आली होती. पहिल्यांदा पूल फिरताना बघून तिने हात जोडले. चौथ्यांदा म्हणाली, ‘आयर्विन पूल पाण्याखाली जाईल, पण असं तोंड फिरवून उभा राहणार नाही.’

‘मग दुसऱ्या पुलावरून जायचं होतं,’ असं तुम्ही म्हणाल. जायचोही. सेंटेनियल पूल उंच आहे, त्याला बोटींची पर्वा नाही. पण तिथे पोचायला गावातून उलटं जायचं, आणि पुराच्या दिवसांत काठचा रस्ता बंद झाला की सगळं गाव तिकडेच लोटतं. तिसऱ्या पुलाचं, म्हणजे आय-७४ या इंटरस्टेट हायवेच्या पुलाचं, तेव्हा बांधकाम चालू होतं. पलीकडेच घर का घेतलं नाही? बायकोची नोकरी डॅव्हनपोर्टला, आणि नदीपलीकडच्या इलिनॉय राज्याचा घरपट्टीचा आकडा पाहून आम्ही मुकाट्याने परत फिरलो. (पगारावरचा राज्याचा आयकर या दोन राज्यांत तुम्ही राहता तिथे लागतो, काम करता तिथे नाही. हे पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं.)

गंमत अशी की हे भांडण मी सुरू केलेलं नाही. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल याच जागेच्या जरा वरच्या अंगाला, १८५६च्या एप्रिलमध्ये झाला. दोन आठवडे होतात न होतात तोच ‘एफी ॲफ्टन’ नावाची आगबोट त्याच्या खांबावर आदळून पेटली आणि पुलाचा एक गाळाही तिच्याबरोबर जळाला. बोटमालकाने दावा लावला. १८५७ साली शिकागोच्या कोर्टात पुलाची बाजू मांडायला जे वकील होते, त्यांत एक अब्राहम लिंकन. त्यांचं म्हणणं साधारण असं, की नदीतून वर-खाली जाण्याचा जेवढा हक्क एकाला, तेवढाच ती ओलांडण्याचा दुसऱ्याला. ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण पूल राहिला. फाटकासमोर बसून मी हा युक्तिवाद बऱ्याचदा मनात म्हटलाय. बोटीवर परिणाम शून्य.

न्यायाला धरून बोलायचं तर आय-७४चा नवा पूल २०२१च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी खुला झाला. तुमचं काम मोलीनला आणि घर डॅव्हनपोर्टला लागून असलेल्या बेटनडॉर्फकडे असेल तर माझी ही सगळी तक्रार तुमच्यापुरती निकालात निघते.

आता डुब्यूक. ज्युलियन डुब्यूक या फ्रेंच-कॅनेडियन माणसाने १७८८ साली इथल्या मूळ रहिवासी मेस्क्वाकी लोकांच्या परवानगीने इथे शिशाच्या खाणी चालवल्या. त्याच्या नावाचं हे गाव आयोवातलं सर्वात जुनं. नंतर लाकूड, मग मांस. १९८२च्या जानेवारीत इथे बेकारी २३ टक्क्यांवर होती. जुने शेजारी अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. आज ते कुठे दिसत नाही. जुन्या गिरण्यांत आता घरं आणि ऑफिसं आहेत, बंदरावर नदीचं संग्रहालय आहे.

इथे घर आणि काम नदीच्या एकाच बाजूला. हे वाक्य साधं वाटतं, पण माझ्यासाठी सगळं त्यातच आलं. भिंतीबद्दल मात्र एक कबुली द्यायला हवी. खालच्या गावात उभं राहिलं तर नदी दिसतच नाही. जवळ आहे एवढं वाऱ्यावरून कळतं. ती बघायला टेकडीवर चढावं लागतं. आणि भिंत समोरून येणारं पाणी अडवते, पाठीमागून येणारं नाही. टेकड्यांवरचं पावसाचं पाणी ज्या बी ब्रँच ओढ्यातून वाहायचं, तो ओढाच जुन्या लोकांनी नळात घालून वर गाव वसवलं होतं. २०११च्या जुलैत एका रात्रीत दहा इंचांच्या वर पाऊस झाला आणि तळघरं भरली. नंतर तो ओढा पुन्हा उघडा केला, काठाला झाडं लावली. काम चांगलं झालंय, पण नॉर्थ एंडच्या सपाटीवर घर बघत असाल तर तळघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का, ते बॅटरी लावून बघा.

चढ हा दुसरा प्रकार. आमच्या गल्लीत जानेवारीत गाडी वर नेणं म्हणजे दरवेळी देवाचं नाव. पण त्याच चढाने या गावाला त्याची सर्वात गोड गोष्ट दिली. जे. के. ग्रेव्ह्ज नावाच्या बँकरचं घर कड्याच्या वर आणि बँक कड्याच्या खाली, सरळ अंतर दोन-अडीच गल्ल्यांचं. पण घोडागाडीने वळसा घालून जायला अर्धा तास लागे. दुपारची सुट्टी दीड तासाची. जेवण व्हायचं, वामकुक्षीला वेळ उरायचा नाही. म्हणून त्याने १८८२ साली कड्यावर स्वतःपुरती रुळांवरची गाडी बसवून घेतली. ती दोनदा जळली, पुन्हा उभी राहिली, आणि आज गावाला येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यात बसतो. २९६ फुटांच्या रुळांवरून १८९ फूट वर. दुपारच्या झोपेसाठी रेल्वे टाकणाऱ्या माणसाचं गाव पुण्याच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही.

गैरसोयी आहेतच. अमेरिकन एअरलाइन्सचं विमान २०२२च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं आणि आई-बाबांना आणायला शिकागोला जायची वेळ आली. वाटेत हायवे २० गॅलीनाच्या आसपास दोनपदरी आहे, वळणावळणाचा, रात्री धुकं आणि हरणं. डॅव्हनपोर्टहून शिकागो म्हणजे सरळ इंटरस्टेट, शिवाय मोलीनला विमानतळ आहेच. कढीपत्ता, कोवळी भेंडी, भाकरीचं पीठ याबाबतही मला डॅव्हनपोर्टच उजवं वाटलं. आम्ही महिन्यातून एकदा शिकागोजवळच्या ऑरोराला बालाजीच्या देवळात जातो आणि येताना डिकी भरून आणतो. जुलैत एखाद्या रात्री नदीतून मेफ्लाय उठतात, आपल्याकडे पहिल्या पावसात दिव्यावर येतात तशी पाखरं, पण लाखोंनी. पायाखाली चुरचुरतात आणि सकाळी काचेवरून खरवडून काढावी लागतात. तो त्रास दोन्हीकडे सारखाच.

लहान मुलं असतील, दोघांनाही नोकरी हवी असेल, दर सहा महिन्यांनी भारतवारी असेल, तर डॅव्हनपोर्ट चुकीचं ठरणार नाही. पण घर मोलीनच्याच बाजूचं किंवा नव्या पुलाजवळचं बघा. एकाच जागी दहा वर्षं काढायची असतील, तर मी हळूच डुब्यूककडे बोट दाखवीन.

आमच्या घरात या निकालावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. बायको अजून डॅव्हनपोर्टच म्हणते. भेंडी चिरताना जास्त म्हणते. गेल्या मे महिन्यात दोघं मुद्दाम तिकडे जाऊन आलो, जुन्या गल्लीतून निघालो आणि सवयीने गव्हर्न्मेंट ब्रिजकडे वळलो. घंटा वाजली, फाटक पडलं. मी इंजिन बंद केलं. तिने काच खाली केली, पुढे वाकून बार्ज मोजले आणि म्हणाली, ‘पंधरा.’