कॉमिक्स काढायचा ‘प्रोफेशनल संच’ घेताय? आधी कागद काट्यावर ठेवा

ऑनलाइन मागवलेल्या संचाच्या जाहिरातीत होतं: २५० जीएसएमचे ए४ ब्रिस्टल (जाड, गुळगुळीत) कागद २०, वॉटरप्रूफ काळी शाई, टाक आणि तीन निब, फाइनलायनर (बारीक टोकाचं पेन), कच्च्या रेखाटनासाठी फिकट निळी पेन्सिल. डबा देखणा. आतला माल मात्र बराचसा खोटा.

पहिली लबाडी कागदात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए४ चे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर होतो. म्हणजे २५० जीएसएमचे १६ कागद स्वयंपाकघरातल्या काट्यावर साधारण २५० ग्रॅम भरायला हवेत. हे भरले १६०. असा कागद ओल्या शाईने फुगतो, निब त्याचे तंतू उचलते आणि चौकटीच्या सरळ रेषेला केस फुटतात. अर्थात वजन भरलं म्हणजे झालं असंही नाही. कागदाला खळ (शाई आत शोषू न देणारा लेप) कमी असेल तर जाड कागदावरही शाई फुटतेच. कोपऱ्यात आडव्याउभ्या रेषा मारून बघायच्या.

शाईची लबाडी आणखी वाईट, कारण ती पाणी लागेपर्यंत कळत नाही. रेषा सुंदर काळी दिसते. मग सावलीसाठी पातळ करड्या रंगाचा ब्रश फिरवला की पात्राच्या गालावर जांभळट ओघळ, आणि संवादाच्या फुग्यातली अक्षरं पुसट. टिश्यू पेपरवर एक थेंब टाका, सुकू द्या, शेजारी पाण्याचा थेंब सोडा. निळंजांभळं वलय पसरलं तर ती साधी विरघळणाऱ्या रंगाची शाई. काजळी आणि लाखेची खरी इंडिया इंक जागची हलत नाही. (ती फाउंटन पेनात मात्र कधीच भरू नका, पेन कायमचं तुंबतं.)

सगळ्याचं खापर विक्रेत्यावर फोडू नये. नव्या निबेवर शाई ठरत नाही ती गंज लागू नये म्हणून दिलेल्या तेलामुळे. साबणाने पुसली की चालते. दोन्ही पाती टोकाशी जुळत नसतील तर ती निब परत करा, एक पातं कागदात रुततं. खोडरबराने शाईच्या रेषा थोड्या फिक्या होणं चांगल्या शाईतही होतं. फाइनलायनरवरचा ०१ म्हणजे ०.१ मिमी नव्हे. पिग्मा मायक्रॉन या नावाच्या फाइनलायनरमध्ये तो ०.२५ मिमी असतो. इथे मात्र जाहिरातीतच ‘०.१ मिमी’ लिहिलं होतं.

निळी पेन्सिल शाळेतलीच, मेणकट. तिच्यावर शाई घसरते.

‘वापरलेला माल परत नाही’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून डबा उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि शाईच्या बाटलीचं सील फोडण्याआधी कागद तोला. काट्याचा फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा, कारण तक्रारीनंतर जाहिरातीतला ‘२५०’ गुपचूप बदलला गेला होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. ती आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.