मॅडिसन, विस्कॉन्सिन: लहान मुलं आणि आजी-आजोबांसह काढलेल्या हिवाळ्याचा अनुभव

क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडलं आणि डोकं फिरलं. गावाबाहेरच्या एका इनडोअर प्ले सेंटरची मेंबरशिप आम्ही थंडी सुरू होताना घेतली होती. वसंत आला तेव्हा काउंटरवर जाऊन बंद करायला सांगितलं, समोरच्या मुलीने हो म्हटलं. तरी दर महिन्याला पैसे कापले जातच होते. फोन केला तर उत्तर मिळालं की तीस दिवस आधी ईमेलने कळवावं लागतं, तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. काउंटरवर हे कुणी का सांगितलं नाही, याला उत्तर नाही. मॅनेजर कधीच जागेवर नाही. शेवटी बँकेकडे तक्रार केल्यावर थोडे पैसे परत आले, बाकीचे बुडाले.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की त्याच हिवाळ्यात आम्ही मॅडिसनमधल्या इतर जागाही भरपूर पालथ्या घातल्या, आणि ज्या मनापासून आवडल्या त्यातल्या बहुतेकांना तिकीट नव्हतं किंवा नावापुरतं होतं. एपिक या हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, युनिव्हर्सिटीत, हॉस्पिटलांत नोकरी धरून दरवर्षी नवी मराठी घरं इथे येतात आणि पहिल्याच ऑक्टोबरात घाबरून अशी एखादी मेंबरशिप घेऊन बसतात. त्यांनी आधी हे वाचावं.

आमच्या घरची परिस्थिती सांगते, म्हणजे मत कुठून येतंय ते कळेल. मुलगी चार वर्षांची. धाकटा ऐन थंडीत झाला. बाळंतपणासाठी आई-बाबा साताऱ्याहून सहा महिने आले होते. बाबांचे गुडघे दुखतात, आईला थंडी बाधते. नवऱ्याची सुट्टी संपल्यावर दिवसभर घरात आम्ही पाच जण. जागा चांगली की वाईट, हे मी या पाच जणांवरून ठरवलंय. वेळा आणि दर वेबसाइटवर असतात, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

सगळ्यात आधी ऑल्ब्रिच बोटॅनिकल गार्डन्स. बाहेरची 16 एकरांची बाग फुकट आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, ट्युलिपचे फोटो काढायला सगळे मे महिन्यात जातात. मी सांगतेय ते आतल्या बोल्झ कन्झर्व्हेटरीबद्दल. 1991 मध्ये उभारलेला 50 फूट उंच काचेचा पिरॅमिड आहे. आत वर्षभर उष्ण कटिबंधातली हवा राखलेली असते. तिकीट माणशी साधारण एका कॉफीएवढं.

जानेवारीत पारा शून्याखाली 20 अंश सेल्सियसला गेला होता तेव्हा आम्ही पहिल्यांदा गेलो. दार उघडल्याबरोबर सगळ्यांच्या चष्म्यांवर वाफ धरली. आई तिथेच थांबली आणि म्हणाली, "अगं, पहिल्या पावसानंतर परसात येतो तसा वास येतोय बघ." किती तरी दिवसांनी तिने मोजे-शाल काढून पिशवीत टाकली. इथल्या थंडीत हीटर अखंड चालतो आणि घरातली हवा इतकी कोरडी होते की हाताच्या बोटांना भेगा पडतात, सकाळी नाकातून रक्त येतं. बाहेरच्या गार हवेत मुळात बाष्प कमी, तीच हवा तापवून आत सोडली की आणखीच कोरडी. ह्युमिडिफायर लावून लावून आम्ही कंटाळलो होतो. त्या काचेच्या घरात तासभर बसलं की आईच्या हातांना आराम पडायचा, घसा मोकळा व्हायचा. हा फायदा कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नाही, पण माझ्या लेखी त्या जागेची निम्मी किंमत यातच वसूल होते.

उरलेली निम्मी मुलांमुळे. आत धबधबा आहे, त्याच्या आवाजाने बाळ झोपायचं. पाण्यात कोई मासे, आणि मोकळे उडणारे लहान पक्षी. पाटी बघून पक्षी दाखवण्यापेक्षा, झाडीत स्वतः हुडकून काढलेला पक्षी मुलांच्या लक्षात राहतो. मुलीने लावे जमिनीवरून तुरुतुरु पळताना पाहिले आणि त्यानंतर प्रत्येक वेळी आत शिरल्या शिरल्या ती खालीच बघत चालायची. वाट सपाट, स्ट्रोलर विनासायास फिरतो. बसायला बाक आहेत, बाबांना ते फार महत्त्वाचं. केळीचे मोठे घड बघून आई बाजूला उभ्या असलेल्या अनोळखी अमेरिकन आजीला केळफुलाची भाजी कशी करतात ते मराठी-इंग्रजीत समजावून सांगत होती, आणि ती बाई शांतपणे ऐकत होती.

एक सांगणं: जाड कोट, स्नो पँट, बूट हे सगळं अंगावर घेऊन आत जाऊ नका. पाच मिनिटांत घामाघूम होता आणि मग पाच जणांचे कोट एकट्याच्या हातात येतात. पार्किंग दाराजवळ आणि फुकट आहे. कोट गाडीत ठेवा आणि झपाझप चालत आत जा. मिडवेस्टमध्ये लहान मुलांना घेऊन कुठेही जायचं म्हणजे चार तासांच्या सहलीतला एक तास कपडे चढवण्या-उतरवण्यात जातो, आणि ज्या जागी पार्किंगपासून दारापर्यंतचं अंतर कमी, ती जागा हिवाळ्यात आपोआप वर येते. मी हा निकष सगळीकडे लावलाय.

बागेतला थाई मंडपही हिवाळ्यात बघाच. थायलंड सरकार आणि युनिव्हर्सिटीचे थाई माजी विद्यार्थी यांनी तो भेट दिला. तिकडे तयार करून, सुटा करून आणला आणि थाई कारागिरांनी इथे येऊन जोडला. लाकडी सांधे, सोन्याचा वर्ख. बाबा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. इतक्या थंडीत ते सांध्यांवरून बोट फिरवत उभे राहिले, आम्ही हाका मारत होतो तरी हलेनात. बर्फात तो सोनेरी मंडप उन्हाळ्यापेक्षा जास्त उठून दिसतो.

दुसरं, हेन्री व्हायलस झू. हे प्राणिसंग्रहालय फुकट आहे, आणि त्यामागे एक अट आहे. विल्यम व्हायलस हे इथले सिनेटर, त्याआधी केंद्रात पोस्टमास्टर जनरल होते. त्यांचा मुलगा हेन्री तरुणपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅना यांनी 1904 मध्ये ही जमीन शहराला दिली, ती या बोलीवर की इथे कधीही प्रवेशशुल्क घेतलं जाणार नाही. 1911 पासून प्राणी आहेत आणि आजही तिकीट नाही. मला ही गोष्ट मनापासून मोठी वाटते. फुकट असलं की मुलाबरोबर वागणंच बदलतं. तिकीट काढलेल्या जागी पैसे वसूल करायचे म्हणून आपण रडणाऱ्या मुलाला ओढत पुढचा पिंजरा दाखवतो. इथे अर्धा तास सील बघितले आणि घरी आलो, तरी काही बुडत नाही. 2015 मध्ये झालेल्या आर्क्टिक पॅसेज या विभागात काचेतून अस्वलं आणि सील दिसतात, अस्वलं तर तिथल्या उपाहारगृहात बसूनही दिसतात. पंख्यासारखं गरम हवेचं यंत्र अंगावर घेत, हातात गरम दूध आणि समोर अस्वल, यावर मुलगी खूश असायची. मुलांची छोटी आगगाडी आणि गोल फिरणारं कॅरोसेल यांना मात्र पैसे पडतात आणि ती दोन्ही नेमकी मुलांच्या नजरेच्या वाटेवर आहेत. घरून निघतानाच ठरवून निघा.

खूप लोक झू उन्हाळ्याची जागा मानतात. मी उलट सांगेन. फेब्रुवारीच्या सकाळी ती जवळपास रिकामी असते, थंड प्रदेशातले प्राणी त्याच दिवसांत हालचाल करतात आणि गाडी दाराशी लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांची इमारत आणि पक्ष्यांचं घर गरम असतं, मध्ये मध्ये तिथे शिरत राहायचं.

तिसरी जागा स्टेट कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधानभवन. कुणी ही मुलांची जागा म्हणून सुचवत नाही, पण हिवाळ्यात याहून मोठं, गरम आणि फुकट अंगण शहरात दुसरं नाही. इमारत 1906 ते 1917 या काळात बांधली. घुमट ग्रॅनाइटचा, आत जगभरातून आणलेले 43 प्रकारचे दगड. मार्गदर्शकाबरोबरची फेरीही फुकट. चार वर्षांच्या मुलीला फेरी झेपत नाही, म्हणून आम्ही दगडांतले जीवाश्म शोधायचा खेळ लावला. जिन्यांच्या आणि भिंतींच्या पॉलिश केलेल्या दगडात जुने समुद्री जीव अडकलेले दिसतात. गव्हर्नरांच्या दालनाबाहेर तेव्हा बॅजर या इथल्या राज्यप्राण्याचा ब्रॉन्झचा पुतळा होता, लोकांनी हात घासून घासून त्याचं नाक चकाकायचं. बाबा घुमटाखालच्या बाकावर बसून मान वर करून छत बघायचे, कितीही वेळ.

युनिव्हर्सिटीचं जिऑलॉजी म्युझियम लहान आहे, फुकट आहे, आणि लहान आहे हाच त्याचा गुण. तासात होतं. मॅस्टोडॉनचा सांगाडा आहे, हत्तीसारखा हिमयुगातला प्राणी. 1897 मध्ये बोअझ गावाजवळ पुरानंतर शेतकऱ्याच्या मुलांना त्याची हाडं सापडली. पुढे संशोधकांनी दाखवलं की या सांगाड्यात एका नव्हे, दोन मॅस्टोडॉनची हाडं आहेत. मुलीला ही गोष्ट इतकी पटली की ती घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायची, "तो एक नाहीये, दोन आहेत." अतिनील दिव्याखाली चमकणारे दगड असलेली अंधारी खोली आहे, तिथे तिच्यापेक्षा आई जास्त रमली.

आता मॅडिसन चिल्ड्रेन्स म्युझियम. सुरुवातीला माझं मत सरळ होतं: एवढं तिकीट देऊन तीच खेळणी कशाला. बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत तेच मत राहिलं. मग बाळ पोटावर पडून मान वर करायला लागलं, मुलगी घरात कोंडून चिडचिडी झाली, आणि मला अशी एक जागा हवी होती जिथे दोघांना एकाच वेळी सोडता येईल. तान्ह्यांसाठी वेगळा कोपरा, मोठ्यांसाठी धडपडायची जागा, छपरावर बाग आणि कोंबड्या. दहा वर्षांच्या मुलांनाही तिथे पुरेसं काम मिळतं. ज्यांच्याकडे दोन वेगळ्या वयांची मुलं आहेत त्यांनी वर्षाची मेंबरशिप घ्यावी. एकच मूल आणि तेही दीड वर्षाखालचं असेल तर नको, तोवर लायब्ररी पुरते. आणि इथल्या लायब्ररीतले गोष्टींचे तास विसरू नका, आमच्या मुलीचं इंग्रजी तिथे सुटलं.

वरचं सगळं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. आता ऑगस्ट आहे, म्हणून थोडी भर.

आई-बाबा परत गेले. उन्हाळ्यात कन्झर्व्हेटरीबद्दलचं माझं मत खाली आलं. फुलपाखरांचं प्रदर्शन लागतं तेव्हा रांग असते, आणि बाहेर 30 अंश असताना आत जाऊन दमट हवेत उभं राहायचं कारण उरत नाही. त्या दिवसांत बाहेरची फुकट बागच बरी. नव्याने येणाऱ्याने ऑल्ब्रिच जून-जुलैमध्ये बघून नापास करू नये, जानेवारीत जावं.

झू हिवाळ्याचीच जागा, याची मात्र खात्री पटली. उन्हाळ्याच्या शनिवारी पार्किंगसाठी अर्धा तास फेऱ्या मारल्या आणि तळ्याकाठच्या गवतावर डबा खाऊन परत आलो. तो डबाही छान झाला, हे वेगळं.

शनिवारी सकाळी कॅपिटॉलभोवतीचा शेतकऱ्यांचा बाजार स्ट्रोलरने करू नका. 1972 पासूनचा हा बाजार, विकणाऱ्याने स्वतः पिकवलेलंच विकायचं हा त्याचा नियम. भाजी अव्वल. पण गर्दी एकाच दिशेने चौकाभोवती हळूहळू सरकते आणि मध्येच मूल शी म्हणालं की बाहेर पडता येत नाही. बाळाला पोटाशी बांधा, आठच्या आत पोचा. तिथलं ताजं चीज कर्ड, म्हणजे चीजचे छोटे ताजे तुकडे, दाताखाली करकरतं ते मुलांना आवडतं.

शेजारच्या मिडलटन गावातलं मोहरीचं म्युझियम, नॅशनल मस्टर्ड म्युझियम, फुकट आहे. बॅरी लेव्हेन्सन नावाच्या विस्कॉन्सिनच्या सरकारी वकिलांनी 1986 मध्ये आपला आवडता बेसबॉल संघ हरल्यावर मोहरीच्या बाटल्या जमवायला सुरुवात केली, त्यातून हे उभं राहिलं. मुलांसाठी अर्ध्या तासाचं काम. चव बघायला देतात. आईने कांद्याच्या लोणच्यातली फेसलेली मोहरी आठवत एकेक चमचा चाखला आणि सगळ्यात तिखट बाटली साताऱ्याला घेऊन गेली. तिथून आम्ही नेहमी काही ना काही विकत घेतो, कारण फुकट म्युझियम असंच चालतं.

पैशांचं असं: प्ले सेंटरवर सहा-सात महिन्यांत जे गेले, तेवढ्यात ऑल्ब्रिच आणि चिल्ड्रेन्स म्युझियम या दोन्हींची मेंबरशिप निघून थोडे उरले असते. यंदा तेच केलंय. कुठलीही मेंबरशिप घेताना आपोआप नूतनीकरण होतं का आणि बंद कशी करायची, हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तराचा ईमेल जपून ठेवा. झूच्या दानपेटीत मी दर खेपेला पाच डॉलर टाकते. आत जायला ते लागत नाहीत, पण आमचा हिवाळा त्या जागेने निभावला.

पुढच्या नोव्हेंबरात सासू-सासरे येणार आहेत. त्यांना पहिल्याच आठवड्यात ऑल्ब्रिचला नेणार, दुपारी, उन्हं काचेवर असताना. चारच्या आत बाहेर पडावं लागतं, तेव्हा जेवण आटपून एक वाजताच निघा.