मोठ्या बोअरच्या रायफलसाठी विकली जाणारी नकली दुर्बीण: परवानाधारकांनी सावध राहावे

पीकसंरक्षणाचा परवाना आणि घरात जुनी मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची रायफल असलेल्या कुटुंबांना हेरून, नेम धरण्यासाठी रायफलवर बसवायच्या नकली दुर्बिणी नामांकित परदेशी कंपनीच्या नावाने विकणारा एक माणूस सध्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरत आहे. त्याने आम्हाला अडतीस हजार रुपयांना फसवले. पैसा गेला त्याचे दुःख आहेच, पण त्या वस्तूमुळे माझ्या वडिलांचा डोळा जाण्याची वेळ आली होती, म्हणून ही हकीकत तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमचे गाव पाटण तालुक्यात आहे. घरात आजोबांच्या वेळेपासून .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम रायफल असून तिचा परवाना आता आबांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर आहे. १९१२ साली निघालेले हे काडतूस ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने फेकते आणि खांद्याला बसणारा तिचा झटका .३०-०६ या नेहमीच्या रायफल काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट असतो. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. भुईमुगात घुसणाऱ्या रानडुकराच्या बाबतीतही कलम ११ खाली वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय आम्ही रायफल बाहेर काढत नाही. अंतर क्वचितच साठ मीटरच्या पुढे जाते, वेळ मात्र तिन्हीसांजेची असते. वयामुळे आबांना रायफलची मूळ साइट, म्हणजे नेम धरायची नळीवरची खूण, पुसट दिसू लागली होती, त्यामुळे एक ते चार पट मोठे दाखवणारी, पुढे फुगवटा नसलेल्या सरळ नळीची, वजनाला हलकी आणि रायफलवर खाली बसणारी दुर्बीण घ्यावी असे आम्ही ठरवले. ही निवड योग्यच होती आणि आजही मी तीच करीन, कारण जड दुर्बीण झटक्याच्या वेळी तिला रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांमधून सरकू पाहते आणि जवळच्या अंतरावर जास्त पटीचा उपयोग होत नाही.

विक्रेत्याने आम्हाला सांगलीला बोलावून घेतले. खोका, माहितीपत्रक, नळीवरची सोनेरी अक्षरे, सगळे अस्सल वाटावे असे होते आणि काचेतून समोरच्या इमारतीवरचा फलक स्वच्छ दिसत होता. "आबासाहेब, तुमची काडतुसं किती महाग आहेत हे मला ठाऊक आहे, एकही वाया घालवू नका, मी लेझरनं नेम जुळवून देतो," असे तो आपुलकीने म्हणाला. बिल मागितले तेव्हा कस्टमची भानगड नको म्हणून रोखीतच व्यवहार करू, असे त्याचे उत्तर होते. या फसवणुकीची सारी मदार काडतूस वाचवण्याच्या त्या सल्ल्यावर असते. .३७५ ची काडतुसे दुर्मीळ आणि अतिशय महाग असल्यामुळे बहुतेक परवानाधारक दुर्बीण बसवल्यावर गोळी झाडून पाहतच नाहीत, आणि दोष उघडकीला येईपर्यंत विकणारा दुसऱ्या तालुक्यात पोहोचलेला असतो.

आम्ही मात्र रीतसर नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिल्या गोळ्या ठीक लागल्या आणि त्यानंतर नेम तोच ठेवूनही छिद्रे वीतभर डावीकडे पडू लागली. नीट पाहिले तेव्हा दुर्बिणीच्या आतील नेम धरायची फुली घड्याळाच्या काट्यासारखी किंचित फिरलेली होती. त्याच वेळी एका झटक्यात दुर्बिणीची मागची कड आबांच्या भुवईवर आदळली आणि रक्ताची धार थेट डोळ्यात उतरली. टाके पडले. जखम बोटभर खाली झाली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

परत आल्यावर बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका जाणत्या कारागिरांनी ती दुर्बीण आमच्यासमोर तपासली. यातील बहुतेक तपासण्या एकही काडतूस खर्च न करता, पैसे देण्यापूर्वी कोणालाही करता येतात. त्यांनी दुर्बीण चार पटीवर ठेवून पुढच्या काचेकडे उजेड धरला आणि मागे पांढरा कागद मागेपुढे सरकवला. प्रकाशाचा गोल सर्वांत लहान आणि रेखीव झाला तिथे पट्टी लावली, तर अंतर जेमतेम सात सेंटिमीटर भरले. डोळा तेवढ्या जवळ नेल्याशिवाय पूर्ण चित्र दिसणार नाही, असा त्याचा अर्थ. .३७५ साठी हे अंतर निदान नऊ-दहा सेंटिमीटर हवे, आणि माहितीपत्रकात तेवढेच छापलेले होते. मग त्यांनी त्या गोलाची रुंदी मोजली. पुढची काच २४ मिलिमीटरची असेल तर चार पटीवर हा गोल सहा मिलिमीटरचा यायला पाहिजे. तो तीनचाच आला, म्हणजे आत कडी बसवून प्रत्यक्षात काचेची निम्मीच रुंदी वापरलेली होती. भर उन्हात हे लक्षात येत नाही, पण तिन्हीसांजेला, जेव्हा दुर्बिणीची खरी गरज असते, तेव्हा चित्र काळवंडते.

झटक्याचा दोष त्याहून खोल होता. दुर्बिणीच्या आत एक छोटी नळी असते, नेम जुळवण्याच्या दोन्ही चकत्या तिला एका बाजूने ढकलतात आणि स्प्रिंग दुसऱ्या बाजूने दाबून धरते. ही स्प्रिंग कमजोर असेल तर प्रत्येक झटक्यानंतर नळी वेगळ्याच जागी विसावते. कारागिरांनी रिकामी रायफल बोल्ट काढून शिकंजात घट्ट बसवली, भिंतीवर आलेख-कागद लावला, चकती वीस क्लिक, म्हणजे वीस खाचा, वर नेऊन वीस क्लिक खाली आणली आणि चकतीवर लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारली. फुली कागदावरचा चौकोन सोडून सरकली. चांगल्या दुर्बिणीत ती मूळ रेघेवर परत येऊन तिथेच थांबते. शेवटी त्यांनी दुर्बीण कोमट पाण्यात बुडवली, तेव्हा मागच्या कडेजवळून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. पाटणच्या पावसाळ्यात ती पहिल्याच आठवड्यात आतून धुक्याने भरली असती.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तुम्ही रिंगांचे स्क्रू जास्त आवळले म्हणून ती बिघडली, असे त्याने सांगितले आणि नंतर नंबर बंद केला. असा आरोप होऊ शकतो, म्हणून स्क्रू टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, रिंग बनवणाऱ्याने दिलेल्या मापाइतके आवळावेत आणि त्या वेळचे फोटो ठेवावेत. आम्ही तसे केले होते. दुर्बिणीवर ज्या कंपनीचे नाव होते तिला अनुक्रमांक कळवल्यावर तो त्या मॉडेलचा नसल्याचे उत्तर आले. लूपोल्डसारख्या दुर्बिणी बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने आपल्या नावाच्या बनावट मालाबद्दल जाहीर इशारे दिलेले आहेत, त्यामुळे अनुक्रमांक विचारून घेण्यात संकोच करू नये. पुढे कऱ्हाडकडच्या एका परवानाधारकांची याच माणसाकडून घेतलेली दुर्बीण पाहायला मिळाली, तर तिच्यावरही आमचाच अनुक्रमांक कोरलेला होता.

आम्ही दोघांनी मिळून पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. बिल नसल्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाणे अवघड झाले, नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि १९१५ या हेल्पलाइनवर प्राथमिक तक्रारही नोंदवता येते. ज्यांच्याकडे या माणसाचे संदेश, खोक्याचे फोटो किंवा पैसे पाठवल्याची नोंद असेल त्यांनी ती पुसून टाकू नये आणि आपल्या ठाण्यात तक्रार द्यावी, कारण एकच अनुक्रमांक असलेल्या जितक्या दुर्बिणी पोलिसांसमोर येतील तितका हा गुन्हा नाकारणे त्याला कठीण जाईल.